भूतानला तिघंच

शनिवार, २७ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचे लखनौला! ट्रक सकाळी सातला आला, सामान लावेपर्यंत चार वाजले, आणि एवढ्या उठाठेवीत फुटली ती फक्त लिंबाच्या लोणच्याची बरणी. झाशी सोडताना मला रडू आलं होतं, शाळेतली नोकरीही सोडली होती, पण मानकनगरचं हे क्वार्टर पाहिलं आणि रडू कुठल्या कुठे गेलं. पहिला मजला, तीन खोल्या, बाल्कनीला टेकलेलं पेरूचं झाड. निनादचं रेल्वेचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. मृणालने आल्या आल्या जाहीर केलं, "बाल्कनी मेरी है." अकरा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच.

आजची खरी गंमत वेगळीच. मागच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात जुन्या वर्तमानपत्राखाली दोनशे पानी वही सापडली. वर सुबक मराठी अक्षरात लिहिलेलं : 'भूतान. तिघांसाठी, कमी खर्चात.' मी जमिनीवरच बसून वाचत सुटले. न्यू जलपायगुडीपर्यंत रेल्वेच्या पासावर, तिथून जयगावला बस, मग कमान ओलांडली की भूतान. पारोमध्ये कुठल्या होमस्टेत अंघोळीला गरम पाणी मिळतं, मेतकूट आणि दशम्या किती न्याव्यात, वाघाच्या घरट्याचा मठ चढताना गुडघ्याला काय बांधावं, सगळं आहे. ज्या कोणा बाईने हे लिहिलं असेल तिला माझा नमस्कार. नऊ वर्षं निनाद मला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतोय. त्याला वही दाखवली. म्हणाला, आता एवढं कुणी आयतं करून ठेवलंय तर जाऊन येऊ. हो म्हणाला! तारीखसुद्धा ठरली, सात नोव्हेंबर.

बुधवार, १ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरच्या नंदाताई भेटायला आल्या. मिरजेच्या. त्यांचे यजमान रमाकांत निनादच्याच ऑफिसात, दुसऱ्या विभागात. येताना वाटीभर चिवडा आणला. मराठी बोलायला मिळतंय म्हणून दोघी तासभर अखंड बोलत होतो. मग वहीचा विषय निघाला. ती मालिनीवहिनींची, तुमच्या आधी इथे राहायच्या त्या देवस्थळींच्या घरातली, एवढंच म्हणाल्या. त्या कुठे असतात आता, असं विचारलं तर गॅसवर दूध ठेवून आल्याचं त्यांना आठवलं.

संध्याकाळी परवान्याची माहिती काढली. मतदार ओळखपत्र चालतं, मृणालचा जन्मदाखला लागेल. होमस्टेच्या बाईंशी फोनवर बोलले, मोडक्या हिंदीत इतक्या गोड बोलतात! लाल भात आणि मिरची-चीजची भाजी खाऊ घालते म्हणाल्या. मिरची इतकी असेल तर मृणालसाठी मेतकूटच.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

वहीत शेवटून तिसऱ्या पानावर आज एक ओळ दिसली : 'मृणालसाठी कानटोपी, लाल नको, टोचते म्हणते.' मृणालला लाल कानटोपी टोचते हे खरं आहे. निनादला म्हटलं, ही ओळ तू लिहिलीस ना, काय सुंदर अक्षर काढलंस रे. तो म्हणाला, माझं कुठलं, तुझंच आहे. माझं अक्षर असं नाही. मी तेरा वर्षं फळ्यावर लिहिलंय, माझी वेलांटी मला ठाऊक आहे.

बसच्या जुन्या वेळा खोडून शेजारी नव्या लिहिल्यात. फोन करून पाहिलं. नव्या वेळा बरोबर आहेत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अमीनाबादच्या बाजारात गेलो. रिक्षा अलीकडेच सोडली आणि गर्दीतून चालत गरम कपड्यांच्या गल्लीत. दुकानदाराने मला पाहताच गठ्ठा पुढे केला. मी म्हटलं, भैया, हा आमचा नाही. तो हसला. गुरुवारी आपणच येऊन निवडलात, बेटीची गोष्ट सांगत बसला होतात, चहासुद्धा घेतलात, असं म्हणाला. गुरुवारी मी घरात पडदे शिवत होते. मृणालने माझी बाही ओढली, "मम्मा, भूल गईं क्या?"

घरी येऊन गठ्ठा सोडला. तीन जणांचे गरम कपडे. निनादचे त्याच्या मापाचे, मृणालचे तिच्या मापाचे. तिसरा जोड एखाद्या अगदी कृश बाईचा. माझा दंडसुद्धा त्या बाहीत जाईना.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज मी खाली जाऊन नंदाताईंसमोर बसलेच. सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं.

मालिनीवहिनी चार वर्षं भूतानचं ठरवत होत्या. नवरा शशिकांत दर वर्षी पुढे ढकलायचा. शेवटी ठरलं, आणि महिनाभर आधी त्या आजारी पडल्या. डॉक्टरांना काही सापडेना, त्या मात्र झिजत चालल्या. निघायच्या दिवशी उठवत नव्हतं. बुकिंगचे पैसे परत मिळणार नव्हते. म्हणून दिवसाची बाई ठेवून नवरा आणि मुलगा, दोघे गेले. मालिनीवहिनींची समजूत घातली की आम्ही फोटो पाठवू. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. नंदाताई रोज पेज घेऊन जायच्या. शेवटच्या दिवशी त्या साडी नेसून, वेणी घालून पलंगावर बसून होत्या. गाडी आली का, एवढंच विचारत होत्या. दुपारी गेल्या. नवऱ्याला डोंगरात फोन लागला नाही. मुलाने पाठवलेला फोटो मात्र तेवढ्यात येऊन पडला होता.

दोन वर्षं हे क्वार्टर बंद होतं. हे मला कुणीच का सांगितलं नाही? नंदाताई म्हणाल्या, काय सांगणार गं, तू इतकी आनंदात होतीस.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळी उद्यावर आली आणि मी हे लिहितेय.

निनाद परवान्याचा अर्ज भरत होता. मी मागे उभी होते. त्याचा फोटो आला, मृणालचा आला, माझ्या नावासमोर दुसरीच बाई आली. गालफडं बसलेली, मोठं कुंकू, चापून घातलेली वेणी. मी ओरडले. निनादने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगं, तूच तर आहेस. जरा थकलेली आलीयेस, एवढंच." मृणाल धावत आली, तिनेही पाहिलं. "फोटो अच्छी तो आई है, मम्मा."

दोघंही थट्टा करत नव्हते. ते मला कळलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

वही रद्दीवाल्याला दिली. त्याच्या गाडीवर टाकलेली स्वतः पाहिली. मग निनादला सगळं सांगितलं आणि ही ट्रिप रद्द कर म्हटलं. तो आधी हसला, मग चिडला. नऊ वर्षं माझ्या मागे लागलीस, आता मी हो म्हटलं तर तुला भुतं दिसतात. मला त्याचं तोंडच वेगळं वाटलं. परवा तर तूच मला मठाच्या पायऱ्यांचं सांगत होतीस, किती खूश होतीस, असंही म्हणाला. परवा आम्ही दोघं धड बोललोही नव्हतो.

अंगात कणकण आहे. मृणालला बाधू नये म्हणून निनादने माझं अंथरूण मागच्या खोलीत घातलं. मी नको म्हटलं. हवा बरी येते तिथे, म्हणाला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. रक्त तपासलं, काही नाही. विश्रांती घ्या.

वाईला दादाकडे जायचं ठरवलं. पर्स घेतली, निनाद ऑफिसात असताना दार उघडून जिना उतरायला लागले. चार पायऱ्या उतरल्याचं आठवतं. पेरूचं पान पायाखाली आलं तेही आठवतं. डोळे उघडले तर मागच्याच खोलीत. निनादला विचारलं, मला वर कोणी आणलं? तो म्हणाला, तू सकाळपासून स्वयंपाकघरात होतीस, दशम्या करून पाहत होतीस. एक आणून दाखवली. छान खुसखुशीत.

मला दशम्या येत नाहीत.

दादाला फोन लावला. आधी नुसती खरखर. मग दादा म्हणाला, आत्ताच तर बोललो गं आपण.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

गरम कपड्यांचा तो तिसरा जोड आज अंगावर चढवून पाहिला. बसला. सैलच होतोय.

आरशात पाहत नाही.

मृणाल शाळेतून आली तेव्हा मी हाक मारली. ती दारापर्यंत आली, आत डोकावली, मग वळून स्वयंपाकघराकडे गेली. तिकडून तिचा आवाज ऐकू आला, "मम्मा, आपने बुलाया?" आणि तिकडून कोणीतरी, माझ्या आवाजात, नाही गं सोनू म्हणाली. मी तिला सोनूच म्हणते. घरात दुसरं कोणी तिला सोनू म्हणत नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

निनाद आत आला. वाटलं, आला! मी उठायला हात पुढे केला. त्याने पलंगाखालून सुटकेस ओढली, धूळ पुसली, गेला. हात तसाच राहिला.

बाहेर तिघं हसतायत. जेवणं चाललीयत. ती त्याला वाढतेय. मला ताटांचा आवाज मोजता येतो — तीन.

भूक नाही. तहान लागते फार.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नंदाताई आल्या होत्या. दाराशी त्यांचा आवाज ऐकला आणि सगळा जोर एकवटून पलंगावर उठून बसले. केस तोंडावर येत होते म्हणून वेणी घातली. त्यांना तरी दिसेन. त्यांनी तरी —

त्यांना दिसले. खोलीच्या दारात थबकल्या. हातातली काचेची वाटी पडून फुटली. मी म्हटलं, नंदाताई, मी उत्कर्षा, मला इथून बाहेर काढा. त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. "मालिनीवहिनी," एवढंच म्हणाल्या. परत म्हणाल्या. मग धावत जिना उतरल्या.

मग ती आली, फुटलेली वाटी गोळा करायला. पहिल्यांदाच समोरून पाहिली. माझी निळी साडी. माझे भरलेले दंड. माझा चेहरा — सगळा माझा. तिने मान खाली घालून तुकडे वेचले, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना दार हलकेच ओढून घेतलं. आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं.

मी तिला म्हटलं, मुलगी माझी आहे. बाकी ने. घर ने, नवरा ने, भूतान ने. मुलगी —

बुधवार, ५

नंदाताई मिरजेला गेल्या. निनाद तिला सांगत होता, रमाकांतांनी सांगितलं म्हणे, अचानकच गेल्या.

हाका मारल्या. खूप.

लिहिताना हात — अक्षर बघ. ही वेलांटी माझी नाही.

गुरुवार, ६

उद्या.

दार ढकललं. कुलूप नाही, कडी नाही. तरी नाही उघडत. नखं —

मृणाल बाहेर गाणं म्हणतेय. बॅग भरतेय. ती तिला सांगतेय, मोजे आत, टोपी वर. बरोबर सांगतेय. मी असंच सांगितलं असतं. तेच सगळ्यात —

शुक्रवार

सकाळ. गाडी आली. हॉर्न.

मृणाल दारापाशी आली. मला तिची सावली दिसली फटीतून. ती म्हणाली, "मम्मा, इस कमरे में कोई रो रहा है."

बाहेरून : कोणी नाही सोनू. चल, गाडी चुकेल.

ती हलली नाही. दाराला हात लावला तिने. मी इकडून लावला. मृणाल मी आहे मी आहे मी —

पावलं. ओढत नेलं नाही. प्रेमाने नेलं.

बाहेरचं कुलूप. दोनदा ओढून पाहिलं. निनाद नेहमी दोनदा ओढून पाहतो.

खिडकीपर्यंत आले. कशी, नाही माहीत. ही डायरी गजाला टेकवून लिहितेय. डिकीत बॅगा टाकतायत. निनाद पुढे बसला. मी इकडची खिडकी थोडी उघडली —

हाक मारली. आवाज माझा नव्हता. तरी मारली. सोनू. सोनू —

मृणाल थांबली. वर पाहिलं. दिसले मी तिला, दिसले, तोंड उघडं पडलं तिचं, किंचाळली, आणि वळून तिच्या कुशीत शिरली, घट्ट, तोंड लपवून, आणि ती तिला थोपटत वर माझ्याकडे बघून