आत्यांबद्दल सांगायचं राहिलेलं

प्रिय सोनिया,

आठवडाभर लिहायला बसतेय आणि उठतेय. फोन केला असता, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मीच तुला समजावत बसते. म्हणून राजवर्धनच्या वहीतलं पान फाडून घेतलं. शाळेत एका बाकावर बसायचो आपण, आत्यांची सून, तुझी वहिनी मी फार नंतर झाले. हे पत्र मैत्रिणीचं समजून वाच.

इकडं ठीक आहे. तेरावं उरकून हे मुंबईला कामावर परत गेले. तुझा भाचा राजवर्धन दहावीच्या अभ्यासाला लागलाय. बाजरी गुडघ्याला आली, खुरपायला झालीय, पण अंगात त्राण नाही. आत्या गेल्यावर निदान झोप तरी मिळेल असं वाटलं होतं. पण दुपारी जरा डोळा लागला की दचकून उठते, आत्या कुठं गेल्या म्हणून अंगणात येते, आणि मग आठवतं.

भेटायला येणारे त्यांच्याच गोष्टी काढतात. परवा अर्जुनामामा सांगत होते, तुझ्या जन्माच्या वेळी मेंढरं कृष्णाकाठी होती. उसाच्या फडाकडेला तू झालीस, आणि तिसऱ्या दिवशी मेंढरांचा तळ हलला तेव्हा आत्या तुला पोटाशी बांधून सगळ्यांबरोबर चालत निघाल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हापासून वर्षातले आठ महिने पायीच. ह्यांना त्या फिरतीत शाळा मिळालीच नाही. तुझ्या वेळेला मात्र आत्या अडून बसल्या. दिवाळी सरली, घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं, आणि त्या उंबऱ्यात बसून मामंजींना म्हणाल्या, "आवं, तुमी जावा. मी न्हाई येत आता. पोरगी साळंत जानार." भावकीनं नावं ठेवली. मामंजी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाहीत. आत्या एकट्या आपल्या माळावरचे दगड वेचत राहिल्या, त्याच दगडांचे बांध घालत राहिल्या. पहिली बाजरी आली तेव्हा आपण दुसरीत होतो. कणसं ती केवढी, बोटाएवढी. पण भाकरी केली आणि मलाही हाक मारून चुलीपुढं बसवलं. सून होऊन आले तेव्हा मला या घराची भीती वाटली नाही, ती त्यामुळं.

शेवटची तीन वर्षं तू त्यांना सुट्टीत येऊन बघायचीस. तुला दिसायच्या त्या न्हालेल्या, वेणी घातलेल्या आत्या. तू यायच्या आधी मी तसं करून ठेवायचे. रोजचं निराळं होतं. दुपार झाली की त्यांना मेंढरं आठवायची. मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, पण "कळप पांगला गं" म्हणत त्या उन्हात अनवाणी सुटायच्या. मी मागं पळायचे. हात धरला की चावायच्या. घरी आणून लुगडं बदलायचं, भरवायचं, की पुन्हा तेच. मला कुणी करायला लावलं नव्हतं. पण तुम्ही दोघं लांब होतात, एवढं खरं.

मृग कोरडाच चालला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळपासून तीनदा त्यांना बांधावरून आणलं होतं. चौथ्यांदा निघाल्या तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. होय, ढकललंच. सगळा जन्म उघड्या आभाळाखाली काढलेली बाई, ती दारावर हात आपटत होती. "बाये, दार उघड गं. जीव घाबरा हुतोय." मी दाराला पाठ लावून बसले होते. तासभर उघडलं नाही. या बाईची सुटका होऊ दे आणि माझीही, असं देवाला म्हणत होते.

दार उघडलं तेव्हा त्या भुईवर बसल्या होत्या. मला ओळखलं नाही. तोंडाकडं बघून म्हणाल्या, "तू कुनाची गं? लय दमलीयास." पदरानं माझं तोंड पुसलं. "बस जरा. मेंढरं मी बघते." सोळा दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याला तू सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. म्हणालीस, "लेक असून मला जमलं नाही, ते तू केलंस." बायका डोळे पुसत होत्या, आणि मला पाय मागं घेता आले नाहीत. म्हणून हे लिहितेय. माफी मागत नाही, ती द्यायची तर त्यांनीच दिली असती, आणि त्यांना तर मी कोण तेच ठाऊक नव्हतं. पण जिनं तुझ्यासाठी चालती वाट सोडली, त्या आईचं शेवटचं तुला अर्धंच माहीत असावं, हे मला सोसत नाही. पंचमीला माहेरी यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तर का आली नाहीस ते मला कळेल, मी विचारणार नाही.

अजून तरी तुझीच,
रेश्मा