पाण्याची रेघ

२ मे
आले एकदाची! हिंजवडीतल्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आठ वर्षं घातली. परवा राजीनामा मंजूर झाला आणि आज मुळशी धरणाच्या काठावर माझं स्वतःचं चाक फिरलं. कॉलेजपासून मडकी घडवायचं वेड आहे. अकोल्याहून आईने फोनवर विचारलं, शिकून-सवरून हेच करायचं होतं का? पहिला माठ तिलाच पाठवीन, मग बघू. घरमालक रामदास भला वाटतो. पाणी ओसरलंय तिथली माती लोण्यासारखी आहे, हवी तेवढी न्या म्हणाला. पोतंभर आणली.

५ मे
माठ सुरेख उतरला. सावलीत वाळत ठेवला होता. सकाळी बघते तर पोटाला भोक, करंगळी जाईल एवढं. उंदीर असावा. घराभोवती पाण्याची बारीक रेघही होती. पिंप गळतंय म्हणून पाहिलं, तर ते धड होतं.

७ मे
नवा माठ केला, त्यालाही भोक. हे उंदराचं काम नाही. किल्ली रामदासकडेही आहे. किमया, माझी ऑफिसातली मैत्रीण, म्हणते की तुझी जागा अजून भरलेली नाही, परत ये. त्या खुर्चीत? मेले तरी नाही.

९ मे
झाडलोटीला येणाऱ्या कोंडाबाई माठ पाहून उंबऱ्यातच थांबल्या. माती कुठली, विचारलं. मी सांगितलं.
"ताई, तितं आमच्या बुडल्याल्या गावचा मसनवटा व्हता. रामदासला ठावं हाय."
चितेभोवती गळतं मडकं घेऊन फिरतात, दर फेरीला त्याला एक भोक पाडतात. तिसरी फेरी झाली की पाठमोरं उभं राहून खांद्यावरून मागं टाकतात. हे सगळं सांगून, आजच सामान भरा म्हणाल्या. रामदासला विचारलं तर नुसता हसला. दोघांचं साटंलोटं दिसतंय. मला घाबरवून ही जागा एखाद्या फार्महाऊसवाल्याला द्यायची असेल. मी हलणार नाही. कुलूप बदललं.

१० मे
आतून कडी होती. तरी रेघ घरात आली. चाकाभोवती, गोल. माठाला दुसरं भोक.
रामदास गावाला गेलाय, कालपासून. मग कोण —

११ मे
बॅग भरली. गाडी बोलावली, पौडपर्यंत आलीय म्हणे. भरदुपार आहे, घाबरायचं काय.
खुर्चीभोवती ओलं दिसतंय.
रेघ सरकतेय. माझ्या देखत. उठता येत नाही, पाय लाकूड झालेत — आई, मी परत जाईन, त्याच खुर्चीत बसेन, जन्मभर बसेन, चालेल मला —
माठाला तिसरं —
रेघ जुळली. कुणीतरी समोर उभं आहे, माझ्याकडे पाठ करून. खांद्यावर माझा माठ. हात सोड