मनी प्लँटच्या निधनाबाबत खुलासा

रा. रा. भालचंद्रराव व्याही यांस,

मी, बळवंत कोंडाजी खरमाटे, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, सरकारी कार्यालयातील सेवानिवृत्त दफ्तरी, हल्ली मुक्काम चिरंजीवांचे क्वार्टर, सरोजिनी नगर, दिल्ली, आपणांस नमस्कारपूर्वक लिहून देतो की येथे सर्व क्षेम आहे, एक वेल वगळता. सूनबाई मीनाक्षी व नवजात नातू यांच्या प्रकृतीचे वर्तमान कळवावे.

बाळंतपणास आपल्याकडे येताना सूनबाईने, आपल्याच गॅलरीतून पूर्वी आणलेला मनी प्लँट, चिरंजीव विनायक घरात असतानाही, माझ्या स्वाधीन केला. "बाबा, तुमच्या भरवशावर जातेय," असे ती म्हणाली. (असा भरवसा मजवर साहेबांनीही कधी टाकला नव्हता.) तुळशीस जे नियमाने मिळते ते या वेलीस कमी का, म्हणून स्नानानंतर एक तांब्या व दिवेलागणीस एक तांब्या पाणी मी स्वहस्ते घातले. पाने पिवळी पडली तेव्हा ती तहान समजून तिसरा तांब्या मंजूर केला. शिवाय वेल खाली लोंबू लागली. तशी लोंबल्यास घराची बरकत उतरते असे येथे मानतात. सबब तिला फायलींच्या लाल फितीने खिडकीच्या गजास बांधले. (माझी गाठ छत्तीस वर्षांत एकाही साहेबास सुटली नाही.) शेजारचे विष्णू, जन्म दिल्लीचाच, म्हणाले, "काका, ही वेल आहे का मुजरिम? थोडी ढील द्या ना यार!" माझ्या वयाच्या माणसास यार म्हणणाऱ्याचा सल्ला मी ग्राह्य धरला नाही. गेल्या मंगळवारी वेल बुडापासून सुटून आली. मुळे कुजली होती. गाठ शाबूत होती.

सूनबाई फोनवर रोज आधी वेलीची चौकशी करते, मग विनायकची. मी "जागेवर आहे" असे उत्तर देतो. हे असत्य नव्हे. कुंडी जागेवरच आहे.

कळावे.

ता. क. बारशास विनायक येतो आहे. परतताना त्याच्यासोबत आपल्या वेलीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून पाठवावी. लोणचे आहे असे सांगावे. सूनबाई येईतो ती मूळ धरेल. आजवर मी कोणापुढे मान खाली घातली नाही. नातवाच्या आईपुढे ती वेळ आणू नये.

समक्ष हजर: १) विष्णू, शेजारी. (सही करताना विनाकारण हसले.) २) सौ. चंद्रप्रभा, पत्नी.

पाकीट चिकटवायला माझ्याकडे आले म्हणून लिहिते. लोणचे खरेच पाठवा, फांदी नको. मीनाक्षी जातानाच एक फांदी बाटलीत लावून विष्णूकडे ठेवून गेली आहे. बाबांचे मन मोडायचे नाही म्हणाली. चार पाने फुटली आहेत. ह्यांना कळवू नका, तांब्या घेऊन जातील. — चंद्रप्रभा