रक्ताच्या नळ्या फुटल्या त्या दिवसाबद्दल

आई, मी काल घाटावरच्या त्या वस्तीत जाऊन आले. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. पडेगावहून निघाले, देवगाव रंगारीत आपल्या घरासमोरून गाडी गेली तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर तिथूनच मागं फिरले असते. तुला सगळं ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी नीट ऐकलं नाहीस.

तू त्या भिल्लवस्तीची नर्सबाई होतीस. तिथली निम्मी लेकरं तुझ्या हातावर जन्मली. मी नुकतीच डॉक्टर होऊन शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागले होते आणि आम्हाला सिकलसेलच्या अभ्यासासाठी रक्त हवं होतं. आईबापाकडून लेकरात उतरणारा तो रक्ताचा आजार. परक्या माणसाला वस्तीत कुणी उभं करत नव्हतं, म्हणून मी तुला पुढं केलं. तू प्रत्येक दारात जाऊन म्हणालीस, "माझी लेक हाय. रक्त द्या, औषध मिळंल." औषधाचं मीच तुला सांगितलं होतं. तसं काही ठरलेलं नव्हतं. ज्या कागदांवर अंगठे घेतले ते मी कुणालाच वाचून दाखवले नाहीत. निकाल आले ते संस्थेच्या कपाटातच राहिले. आणि मग आमच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावून वस्तीच्या नावासकट सगळं सांगून टाकलं. पेपरात आलं की या वस्तीच्या रक्तातच दोष आहे. शेजारी फोटो होता, त्यात कोपऱ्यात मी. ते कात्रण मी हौसेनं जपून ठेवलं होतं.

त्या बातमीनं वस्तीतल्या एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा बाप जाब विचारायला बाजाराच्या दिवशी सोयऱ्यांकडं गेला, तर त्यांनी त्याला भर बाजारात लाथा घातल्या. त्याच्या तोंडात माती कोंबली आणि म्हणाले, सडक्या रक्ताची पोर आमच्या गळ्यात बांधतो का. हे आपल्याला कुणी कळवलं नाही. त्यानंतर चार दिवसांनी आपण दुसऱ्या फेरीचं रक्त घ्यायला जीपमधून तिथं पोचलो.

सकाळची वेळ होती. नळ्यांची पेटी माझ्या मांडीवर होती. पहिला दगड काचेतून आत आला आणि ड्रायव्हरच्या कानशिलावर बसला. मग तो बाप दिसला. त्याचा एक डोळा अजून सुजलेला होता. त्यानं मला केसाला धरून खाली ओढलं, मी तोंडावर पडले. पेटी उघडली आणि त्याआधी दुसऱ्या पाड्यावर घेतलेल्या रक्ताच्या नळ्या माझ्या भोवती फुटल्या. तो ओरडत नव्हता. हळूच म्हणाला, "किती रक्त लागतं तुला? सांग, किती?" आणि कुऱ्हाडीचा दांडा उचलला. तू मध्ये आलीस. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर फक्त ऑपरेशनच्या खोलीत ऐकला होता. तुझा जबडा एका बाजूला गेला, दोन दात धुळीत पडले आणि तू माझ्या अंगावर कोसळलीस. त्याच्या हातातला दांडा गळून पडला. "बाई," तो म्हणाला, "बाई, तुला नव्हतं मारायचं." त्याच्या बायकोनं तिचा पदर फाडून तुझ्या तोंडाला बांधला.

तुला दवाखान्यात सोडून मी ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, "नाव माहीत हाय का?" मी बापाचं नाव सांगितलं, घर कोणत्या बाजूला ते सांगितलं, त्यानं कागदावर खुणा काढल्या तेव्हा मी बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस वस्तीत गेले. एका घरावर भागलं नाही. बायकांच्या पोटऱ्या फुटेस्तोवर लाठ्या चालल्या, धान्याच्या कणग्या उलट्या केल्या, एका म्हातारीला चुलीवर ढकललं. त्या बापाचा उजवा हात दगडावर ठेवून बोटं बुटाखाली मोडली. तिथून तो हर्सूलच्या तुरुंगात गेला.

तुझा जबडा तारेनं बांधलेला होता. साहेब जबाब घ्यायला आले तेव्हा तू वहीवर लिहिलंस, "पाय घसरून पडले." ते हसले. "बाई, खरं सांगा." तू तेच वाक्य पुन्हा लिहिलंस, अक्षरं आणखी मोठी करून. ते गेल्यावर तू माझ्यापुढं वही धरलीस. त्यावर लिहिलं होतं, "नाव कुणी दिलं?" मी म्हणाले, "मी दिलं. त्यानं तुला मारलं, आई." तू डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी दिलीस की मी खाटेच्या दांडीवर आदळले. अख्खा वॉर्ड बघत होता. आयुष्यात तू मला एकदाच मारलंस. तुझ्या तारांतून रक्त येत होतं आणि मला वाटत होतं, अजून मार.

तार निघाल्यावर तू वस्तीत परत गेलीस. त्यांनी तुला आत घेतलं नाही. तू नाल्याच्या अलीकडं रोज जाऊन बसलीस, आणि शेवटी त्या मोडलेल्या लग्नाच्या पोरीनंच तुझ्यासाठी पाणी आणलं. तो सुटून आला ते तुझ्या जबाबामुळं. संस्थेत येऊन तू वरिष्ठांच्या टेबलावर निकालांची मागणी केलीस, आणि ते घेऊन दारोदार जाऊन ज्याचा त्याला समजावून सांगितलास. मी मात्र गेले नाही.

आता मी शहरातल्या एका समितीवर आहे. माणसांवर काही अभ्यास करायचा असेल तर आमची परवानगी लागते. एका तरुण संशोधकाला त्याच वस्तीचं रक्त हवं होतं, त्याच्या अर्जासाठीच काल गेले होते. लोक झाडाखाली जमले होते आणि ती पोर, आता दोन मुलांची आई, पुढं बसली होती. त्या संशोधकाचं सगळं ऐकून ती म्हणाली, "कागद आमच्या बोलीत वाचा. निकाल आधी आमाला. वस्तीचं नाव छापायचं नाय. आन् रक्त उरलं तर त्याचं काय करायचं ते आमी सांगू." तो म्हणाला, उरलेलं रक्त संस्थेचंच राहील, नियम तसा आहे. ती उठली. "मग नाय." सगळे उठले. मी तिथंच अर्जावर नकार लिहिला.

निघताना तिचा बाप गाडीपाशी आला. बोटं तशीच वाकडी आहेत. मी त्याला म्हणाले, "तुमचं नाव पोलिसांना मी दिलं होतं." तो म्हणाला, "ठाऊक हाय." मग त्यानं वाकड्या बोटांनी गाडीचं दार धरलं. "बाई गेल्याचं आमाला बाजारात कळलं, लई दिवसांनी. का नाय सांगितलं? आमी खांदा दिला असता."

मी त्याला म्हणाले, घाईत राहून गेलं.

घाई नव्हती, आई. तू गेलीस त्या दिवशी फोन हातात होता, वस्तीतला नंबर लावलाही होता. मला वाटलं, ते सगळे येतील, तुझ्या वाकड्या जबड्याला हात लावून रडतील, आणि जमलेले लोक मला विचारतील, ही माणसं तुमची कोण. मी फोन ठेवून दिला. हे त्याच्यासमोर मला बोलता आलं नाही. तुला लिहितेय, ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच.