तुकडी परत यावी म्हणून

१२ ऑक्टोबर, रविवार
दक्षिण सुदानात छावणीवर पुन्हा गोळीबार. आपले दोन जवान जखमी. नावं कळेपर्यंत नळ तसाच वाहत राहिला. नागसेन नाही त्यात.
शांतिसेना म्हणे!

१४ ऑक्टोबर
नागभीडहून दिनेश आला. त्याचा मोठा भाऊ नागसेनच्याच तुकडीत. अर्ज घेऊन फिरतोय — आमची माणसं परत बोलवा. "वहिनी, दुसऱ्याच्या देशातल्या भांडणात आपले लोक काऊन मराव?"
उत्तर कशाला शोधू? सगळ्यात वर माझीच सही. मंजुषा नागसेन खोब्रागडे.

१९ ऑक्टोबर
सुट्टी. वाटीभर तांदूळ, कुकरची एक शिट्टी. दिवसभर कुणाशी बोलले नाही हे दूधवाल्याला "अर्धाच द्या" म्हटलं तेव्हा कळलं. आवाज बसला होता.

२३ ऑक्टोबर
नागसेनचा फोन. चार मिनिटं. तुकडी बहुतेक परत बोलावतील म्हणाला. मी हसले. तो हसला नाही.
छावणीच्या कुंपणाला लागून हजारेक लोक राहतात, बहुतेक बाया. "आमी पहाऱ्याले असलो की त्या सरपनाले जातात."
"आन् तुमी निघाल्यावर?"
फोन कटला. की त्यानं कापला?

२ नोव्हेंबर
वॉर्डात मंगली आत्राम. गडचिरोलीकडच्या जंगलातलं गाव, काल मुलगी झाली. तुमचा नवरा कुठी म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या गावात पोलिसांचा कॅम्प होता. आला तवा भेव वाटला. उठला तवा बी वाटला. दोन्ही टायमाले आमाले कोनी विचारलं नाई."
आणि पोरीला पाजायला कुशीवर वळली. मी ट्रे उचलला, पुढच्या खाटेवरचं इंजेक्शन द्यायला गेले.

३ नोव्हेंबर
त्या अर्जावर एकशेबारा सह्या. तिथल्या एकाही बाईची नाही. कशी असणार!

८ नोव्हेंबर
फोनवर विचारलं, "त्या बायांचं काय म्हननं आहे?"
"कोन विचारते त्याइले?"
"तुमी विचारा ना."
मी हे का बोलले?

१६ नोव्हेंबर
त्यानं खरंच विचारलं. दुभाषा घेऊन. एक म्हातारी म्हणाली — कायमचे नका राहू, तुमचीही घरं आहेत. पण ज्वारी उभी आहे. कापून होईपर्यंत राहा. शेतं दूर, वाट वाईट. मागच्या साली गेलेल्या सहा जणी परतल्याच नाहीत.
मी म्हटलं, "तुमी या आता."
सहा बायांचं ऐकून हेच म्हटलं मी. दोनदा.

२७ नोव्हेंबर
आदेश आला! पाच तारखेचं विमान. दिनेश पेढे घेऊन आला, रडलाच. मी चादरी धुतल्या, गादी उन्हात टाकली. आज आरशात पाहून केस विंचरले.

४ डिसेंबर
विमान उद्या. नागसेन त्यात नाही.
पन्नास जण आणखी महिनाभर थांबणार, पीक निघेपर्यंत. थांबायला तयार असणाऱ्यांची नावं मागितली, त्यानं स्वतःचं दिलं.
"मले काऊन नाई विचारलं?" — ओरडलेच मी.
तो म्हणाला, "तुले विचारलं असतं, तं थांबताच आलं नसतं."