वेगळं तेल

सोमवार, ११ फेब्रुवारी २००८
स्वतःच्या लाजेवर नेटकी वाक्यं रचायला बसणं हा आगाऊपणाच आहे. त्याची क्षमा आधी मागते. कुणाकडे, ते कळत नाही.

माझी मैत्रीण रेहाना दवाखान्यात आहे. आता श्वास ठीक आहे.

काल ती नेट परीक्षा पास झाल्याची पार्टी होती, दोघींचीच. गंगापूर रोडवरचं नवं हॉटेल, सुशी. तिला कोळंबी चालत नाही; लहानपणी एकदा घसा सुजून जेमतेम वाचली होती. म्हणून तिने काकडी आणि तळलेल्या रताळ्याचा रोल निवडला. शेजारच्या टेबलावर तळलेली कोळंबी आली, तशी म्हणाली, "एकाच तेलात तळतात का, विचारून ये ना. दर वेळी मी विचारते, तर लोक म्हणतात नखरे. आज तू जा, बोर्डात आलेली बाई!"

गेले. काउंटरपाशी काळ्या कोटातला वेटर. "गुड ईव्हनिंग, मॅडम." इंग्रजी प्रश्न मनात तयार होता. मागे एक जोडपं फाडफाड इंग्रजीत बोलत उभं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वॉशरूम?" त्याने हाताने दाखवलं.

हात धुऊन परत आले आणि म्हणाले, "विचारलं. वेगळं तेल आहे."

दुसऱ्या तुकड्यानंतर तिचे ओठ सुजू लागले.

बुधवार, १३ फेब्रु.
भेटायला गेले. चेहऱ्यावर सूज अजून आहे. म्हणाली, "तू निदान विचारलंस तरी. बाकीच्या हसतात नुसत्या." मी मोसंबी सोलत राहिले. एकेक शीर काढली. तिने दोन फोडी खाल्ल्या.

शुक्रवार, १५ फेब्रु.
तिचे मोठे भाऊ सलीमभाई, द्वारका चौकात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, मला साक्षीला म्हणून हॉटेलात घेऊन गेले. मॅनेजरने काळ्या कोटातल्या त्या वेटरला बोलावलं. निवृत्तीभाऊ नाव. पन्नाशीचे, नांदगावकडचे.

"हिने विचारलं तेव्हा वेगळं तेल सांगितलंस ना?" मॅनेजरने विचारलं.

"न्हाई साहेब. मला कोणी इचारलंच नाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं ना, कढई एकच हाय."

"म्हणजे आमची पोरगी खोटं बोलते? बोर्डात आलेली आहे ती!" सलीमभाई म्हणाले.

निवृत्तीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं. "ताई, मीच होतो का? दुसरं कोणी आसंल." मी फरशीकडे पाहत होते.

मराठी. मराठीत विचारलं असतं तरी चाललं असतं.

मॅनेजरने त्यांना घरी बसवलं. सोमवारी माझा लेखी जबाब आला की कायमचं. बाहेर आल्यावर सलीमभाई म्हणाले, "तू लिही बेटा. तुझं लिखाण पक्कं असतं."

शनिवार, १६ फेब्रु.
दिवसभर युक्तिवाद केला. मेनूकार्डावर छापायला हवं होतं, ऑर्डर घेताना त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. सगळं खरं. पण ती ज्या शब्दावर विसंबून जेवली, तो माझा होता.

रेहाना आज घरी आली. फोनवर नवा आवाज, जरा घोगरा. सांगायला तोंड उघडलं. "तुझ्या नेटच्या नोट्स परत केव्हा आणू?" असं विचारलं.

रविवार, १७ फेब्रु.
जबाबाचे चार मसुदे. पहिल्यात 'अनवधानाने'. फाडला. दुसऱ्यात 'बहुधा'. फाडला. तिसरा फार सुंदर झाला, म्हणून फाडला. चौथा:

"मी कुणालाही विचारलं नाही. वेगळं तेल आहे हे मी स्वतःच्या मनाने सांगितलं. निवृत्तीभाऊ खरं बोलत आहेत. इंग्रजीत बोलायची लाज वाटली, याखेरीज कारण नाही."

आईने वाचलं. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "रेहानाला आधी सांग. तोंडाने." मी मान हलवली. पण मला माहीत आहे, तोंडाने माझ्याच्याने होणार नाही.

सोमवार, १८ फेब्रु.
दोन पाकिटं, आत मजकूर एकच. एक हॉटेलच्या मॅनेजरला, दुसरं रेहानाला. तिचं घर इथून वीस मिनिटांवर आहे, आणि मी तिला टपालाने पत्र पाठवते आहे. उद्या पोचेल. मॅनेजर उद्यापर्यंत थांबेल का, हे विचारायला मी फोन केला, मराठीतच बोलले. "बघू," म्हणाला.

दोन्ही स्पीड पोस्टने पाठवली. १८ फेब्रुवारी २००८, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं.