तीन ट्रॅक रिकामे

१२ ऑक्टोबर २००६, गुरु.
गोव्याला डॉक्टरांकडे जाऊन परत. सौ.चं ऑपरेशन ८ नोव्हेंबरला. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव राहील, आवाज नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा इंग्रजीत. संस्कृतच्या मास्तराला कुठल्या ना कुठल्या भाषेत कळेल असा त्यांचा समज.
संध्याकाळी हिने गुरुवारचं भजन चुकवलं नाही. पेटीवर मी. वरचा सा किंचित खरखरला, पण लागला. मंडळातल्या बायकांना कळलं नाही. मी मान वर केली नाही.

१५ ऑक्टो., रवि.
घरीच तिचं गाणं उतरवून ठेवायचं. साधा टेप नको, मागच्या टेपवर माझा खोकलाच जास्त. शेजारचा डॉम्निक, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, त्याने मुंबईच्या भावाकडून डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डरची माहितीपत्रकं मागवली होती, ती दिली. प्रत्येक वाद्य वेगळ्या वेळी, वेगळ्या ट्रॅकवर. गाणाऱ्याने हेडफोन लावून शेवटी एकटं गायचं.
सौ.ला एवढंच पटलं. "गातलंय मी. पण फाटक्या गळ्यान लोकांसमोर नाय. तुमी सोडून कोणी आयकूचा नाय."
यंत्राचं नाव ठेवलं: बहुपथध्वनिमुद्रक. म्हणाली, "ह्यां नाव घेयसर माझो घसो जातलो."
हसलो दोघंही. मग ती भांडी घासायला गेली.

१९ ऑक्टो., गुरु.
भजनाला गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली.
यंत्रं दोन. एक चार ट्रॅकचं, छोटं, मेमरी कार्डावर, बॅटरीवर चालणारं. दुसरं आठ ट्रॅकचं, विजेवर, आत हार्डडिस्क, वाजवलेल्याची पट्टी मागाहून वर-खाली करण्याची सोय. वहीत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष मांडले. चार पानं झाली. सिद्धान्त नाही.
डॉम्निक: "मास्तरानू, पट्टी बदलूची सोय आसा तां घेवा. गळ्याचो काय नेम?"
मी: हिची पट्टी काळी चार. लग्नात होती तीच.
तो माहितीपत्रकं चाळत बसला.

२४ ऑक्टो., मंगळ.
चार ट्रॅकचं ठरलं. भारनियमनात रोज दुपारी वीज जाते, आठ ट्रॅकवाल्याला काय, समईवर चालवू? मुंबईला फोन केला, पार्सल कणकवलीला येईल.
एका यंत्रासाठी नऊ दिवस. मुलांना एवढे दिवस एक समास सोडवायला लागले असते तर बाकावर उभे केले असते.

२८ ऑक्टो., शनि.
यंत्र काल आणलं. दुपारी वीज गेली, फ्रिज आणि पंखा गप्प. भारनियमनाचे आभार मानणारा तालुक्यात मी एकटाच. पहिल्या ट्रॅकवर पेटी, दुसऱ्यावर डॉम्निकचं व्हायोलिन. तिच्या आईने शिकवलेलं भजन, काळी चारात. डॉम्निकने विचारलं होतं, "वयनीक विचारलास?" विचारायचं काय त्यात.
सौ. त्या वेळात मागच्या दारी नारळ सोलत बसली होती. आत आली नाही.

२ नोव्हें., गुरु.
दारं-खिडक्या लावल्या. तिला हेडफोन लावून दिला. पहिली ओळ कशीबशी. दुसरीला आवाज फुटला. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा हेडफोन काढला.
"ह्यां कोणाच्या पट्टीत वाजवलास?"
"तुझ्याच गो."
"ती आता माझी नाय रवली." चिडली नव्हती. चिडली असती तर बरं.
पेटी पुढे ओढून तिला सूर शोधून दिला. पांढरी तीन. तीही जेमतेम.
पंचवीस वर्षं शेजारी बसून पेटी वाजवतो आणि

५ नोव्हें., रवि.
पेटी आणि व्हायोलिन दोन्ही पुसून टाकलं. पुन्हा वाजवायला वेळ नाही, तिचा गळा दुपारी तासभरच चालतो. म्हटलं, वाद्यं राहू देत, तू नुसती गा, आम्ही मागाहून तुझ्या मागून येऊ. एकदा पांढरी तीन दिली आणि भाता बंद केला.
गायली. सगळी कडवी. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायली, तेही ट्रॅकवर आलं आहे. शेवटी म्हणाली, "झाला."
बुधवारी ऑपरेशन.

३ डिसें., रवि.
घरी येऊन आठवडा झाला. गळ्याला छिद्र, त्यावर स्वच्छ फडकं. बोलायचं ते हातांनी. माझ्या चुका दाखवायला हातही पुरतात.
ती झोपली असताना पेटी घेऊन बसलो. जमत नाही. गाता गाता आवाज उतरत गेला आहे, पांढरी तीनवरून खाली, काळी दोनही नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पेटीला तिथे पट्टीच नाही. चार दिवस दुपारी तेच करतोय.
तिच्या मागून जाईल ते व्हायोलिनच. म्हणजे डॉम्निकने ऐकायला हवं.

१० डिसें., रवि.
आज तिला सांगितलं. सगळं, पेटीची हारसुद्धा, आणि डॉम्निकने ऐकायला हवं तेही. तिने हातानेच सांगितलं, आधी मला. तिने यंत्रावरचा आपला आवाज एकदाही ऐकला नव्हता. हेडफोन लावून पडवीत बसली. चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी माडांकडे बघत होतो.
तेवढ्यात डॉम्निक मोरी मासा घेऊन आला. व्हायोलिन नव्हतं बरोबर. "वयनी, कशी आसस?" म्हणाला आणि बाकावर बसला. तो बसला तरी हिने थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून बाकावर ठेवला, त्याच्या आणि माझ्या मधोमध, आणि मासा घेऊन विहिरीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही.
डॉम्निकने माझ्याकडे पाहिलं. तिने त्याला ऐकायला दिला की नुसता ठेवला, मला कळलं नाही.
हेडफोन कोणीच उचलला नाही.